पीचचा वास

खिशात कशाला घालतोस, राहू दे ती इलेक्ट्रिक सिगारेटची नळी बाहेर — आता लपवून काय उपयोग, साऱ्या इमारतीला ठाऊक आहे नवव्या मजल्यावरचा पोरगा दो-उन ओढतो म्हणून. शी! पुदिना ना हा? आमच्या वेळी सिगारेटला निदान सिगारेटचा वास यायचा, माणूस नाक दाबून पुढे जायचा. हे तुमचं म्हणजे दात घासल्यासारखा वास — आणि तान्ह्या पोराच्या बाटलीसारखं तोंडातून सुटत नाही. सारा जन्म सोलच्या वॉर्ड ऑफिसात काढला मी, पण खुर्चीला इतका चिकटलो नाही रे.

ऐकतोय, तुझं गाऱ्हाणं ऐकतोय. पण माझं ऐक आधी. सगळ्या बाथरूमची हवा एकाच पाइपातून जाते — तुझी, माझी, सगळ्यांची. महिनाभर आमच्या बाथरूममध्ये पीचचा वास — गोड, चिकट, नासक्या मुरंब्यासारखा. आमची ही म्हणाली, खालून येतोय, त्या एकट्या राहणाऱ्या पोराचाच असणार. मी पडलो रहिवाशांचा प्रतिनिधी — घराघरातल्या स्पीकरवरून घोषणा करवल्या, लिफ्टमध्ये कागद डकवला, 'नववा मजला' असं स्पष्ट लिहून. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. आता बायका तुला बघून तोंड फिरवतात, घरमालकिणीनं घर सोडायला सांगितलं — कळलं ते मला. आजच्या सभेत तुझ्या बाजूनं बोलावं म्हणतोस, तू इथे खाली बाकावरच ओढतोस, घरात नाही, म्हणून सांगावं. सांगेन की — थांब जरा.

मागच्या आठवड्यात वैतागून आमच्या बाथरूमच्या हवेच्या जाळीवर जाड चिकटपट्टी मारली, चारी बाजूंनी. तरी सकाळी — पीच! ही नुकतीच बाहेर आली होती... नाही नाही, भलतंच काय मनात आणतोस! चर्चमध्ये गाणाऱ्यांत पुढच्या रांगेत उभी राहणारी बाई ती, हृदयात स्टेंट घातलेली — धुण्याच्या पावडरीच्या डब्यात होती नळी. जिथे होती तिथेच ठेवली मी परत. मला कळलंय हे तिला ठाऊक नाही.

बरं, मला सांग — नळीतलं ते पाणी संपलं की हात कापतात का रे? परवापासून तिच्या हातून वाट्या पडताहेत. किमची खारट झाली म्हणून स्वतःच रडली. तिनं दुकानात जायचं कसं, ओळखीचं कुणी पाहिलं तर? या वयाच्या बाईनं — शी, बोलतानाही किळस येते. कुठे मिळतं ते? पुदिना नको. पीचच.

सभेत? सभेत मी काय बोलणार बाबा! तुझं सामान ते केवढं, एक गादी नि भाताचा कुकर. सोलमध्ये तुला कुठेही खोली मिळेल. आम्हाला याच लिफ्टमधून खालीवर करायचंय मरेपर्यंत. असा बघू नकोस. ऊठ, ही येतेय समोरून — आवाज चढवावा लागेल मला, वाईट वाटून घेऊ नकोस —

काय समजतोस रे तू स्वतःला? पुन्हा बाथरूममध्ये ओढलंस तर याद राख! सारी इमारत नासवलीस मेल्या! चल, चालता हो!