पहाटे न गेलेले मेसेज

"हॅलो?… कोण, मेघा?"

साकोलीतल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात साधनाने फोन खांद्यात धरला. पाणीवाटप संस्थेतली कॉम्प्युटरची नोकरी दोघी मैत्रिणींनी मागितली होती, लागली मेघाला. तेव्हापासून तिचं नाव फोनवर दिसलं, की साधना जळायची आणि मुद्दाम न ओळखल्यासारखं करायची.

"हो, हो… मजेत आहो. तू बोल ना, मॅडम… पाण्याच्या पाळीचे मेसेज? कोणत्याच शेतकऱ्याले नाही गेले?… हातानं चालवलं तं चालते, अन् पहाटे आपोआप नाही चालत?"

काय चुकलंय ते साधनाला तिथंच कळलं. पण ती भलतंच सांगू लागली.

"मले काय माहीत वो? नेट पाय, तारीख पाय… तुलेच तं हुशार म्हणून निवडलं ना त्याइनं?… अवो ऐक ना, गिऱ्हाईक आहे माह्याकडे."

दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"काय?… नत्थूमामाची पाळी गेली? निरोपच नाही भेटला?… अन् धान वाळून राहिलं?"

नत्थूमामा साधनाच्याच गावचे. लहानपणी त्यांच्याच बांधीत, धानाच्या खाचरात, ती चिखल तुडवायची.

"बरं, बरं, रडू नको. ऐक. मेसेज पाठवाची ती ओळ थेट क्रॉनमधेच, त्या वेळेवर आपोआप चालवणाऱ्यातच लिहिली ना तू? त्यात दुहेरी चौकोनी कंस आहेत?… मंग! तू हातानं चालवते तवा ते बॅशमधे, हुकूम वाचणाऱ्या मोठ्या शेलमधे चालते. क्रॉन चालवते साध्या एसएच शेलमधे. त्याले ते कंस नाही समजत… बिघडलं नाही वो, बॅश वापर म्हणून त्याले सांगाच लागते. सगळ्यात वर लिही… शेल, कॅपिटलमधे. बरोबरचं चिन्ह. स्लॅश बिन स्लॅश बॅश. मधात जागा नको सोडू… आता पुढच्याच मिनिटाची वेळ टाकून पाय."

साधनाने भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट मोजलं.

"गेला?… आला मेसेज?"

तेवढ्यात फोनमधून मेघाच्या साहेबांचा आवाज आला, शाबासकीचा. आता ही म्हणेल, मीच शोधलं. साधनाने कान टवकारले. तिला तेच ऐकायचं होतं. पण मेघा मोठ्यानं सांगत होती, मला जमलं नाही सर, साधनानं सांगितलं, माझ्याहून तीच हुशार.

नोकरी हातची गेलीच होती. आता मनातल्या मनात मेघाला शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

"हॅलो… हो, ऐकलं… काहून सांगितलं त्याइले?… नाही वो, राग कायले? पहिले मामाले पाणी दे… ठेव… ठेव ना वो तू!"

मेघा ठेवेना. शेवटी साधनानेच फोन कापला.