विहिरीतलं सेरोटोनिन

वाशीच्या एसटीत राजेश्वरीबाईंनी डोळे मिटले होते. कान मात्र पुढच्या सीटवर होते. तिथं बब्रुवान आबा आणि त्यांची फार्मसी शिकणारी नात हर्षाली बसली होती.

"आबा, पार्टीतली ती नशेची गोळी स्वतः काही आणत नाही. मेंदूत साठलेलं सेरोटोनिन, म्हणजे मन खूश ठेवणारं रसायनच, एकदम सोडते."

"मंग एकाच गोळीनं माया बी दाटती आन् मळमळतं बी, ते कसं?"

"ते पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरला, म्हणजे कुठल्या कुलपाला जाऊन लागतं, त्यावर आहे. एकाला लागलं की माया, दुसऱ्याला लागलं की मळमळ."

"म्हंजे पाणी एकच. कांद्याला गेलं तर कांदा, उसाला गेलं तर ऊस."

"अगदी तसंच."

"आन् ही गोळी पाटाची समदी दारं एका टायमाला उघडती."

"हो."

"मंग हिरीचं काय व्हतं?"

"तळ दिसतो. दोन-तीन दिवस काही गोड लागत नाही."

"तुमची पार्टी शनवारी व्हती न्हवं?"

"हो."

"आज मंगळवार. कालपास्नं तू भाकरीला शिवली न्हाईस."

"आबा, मी..."

"हीर आटली म्हणून कुणी बुजवत न्हाय, बाय. मोटार तेवढी बंद ठिवायची, पाणी आपसूक येतं. घे, शेंगाची चटणी हाय."