सक्ती उठली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बेसबॉल मंडळाचा भार पंधरा वर्षं वाहणारे अध्यक्षसाहेब. मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. कार्यतत्पर सचिवसाहेब, ज्यांनी माझं हे भाषणसुद्धा स्वतः टाइप करून हातात ठेवलं. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मुख्य पंच, म्हणजे तुम्हाआम्हा सगळ्यांचे घसाकाका. पहिल्या रांगेतल्या काकू. माझे पंच मित्र, खेळाडू, आणि मागे चहाच्या टेबलाकडे तोंड करून बसलेले सज्जनहो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी काही वक्ता नाही. रविवारी पंच, एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आत अडकलेल्यांना फटीतून ‘घाबरू नका’ म्हणायचं, एवढंच माझं वक्तृत्व. आज मात्र फटीच्या आतल्या बाजूने बोलतोय असं वाटतंय. असो. दोन पानं आहेत. पहिलं वाचतो.

‘अठ्ठावीस वर्षांची निष्कलंक सेवा. एकही सामना चुकवला नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची तारीख सामन्यांचं वेळापत्रक बघून धरली.’ हे अगदी खरं आहे, काकू मान हलवतायत. यात एक राहिलंय, ते मी घालतो. काकांना घसाकाका का म्हणतात? होम प्लेटमागून, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागून, ते ‘बाद’ म्हणाले, की मैदानाबाहेरच्या बसथांब्यावर उभी असलेली माणसं दचकतात. असा आवाज! मी स्वतः पाहिलंय, एका बाईंच्या हातून पिशवी पडली होती.

आता दुसरं पान. वाचतो. पण त्याआधी, मघाशी पाहुण्यांनी मला विचारलं, की बेसबॉलमध्ये ‘फोर्स’ म्हणजे नक्की काय हो? पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं? काका त्याला सक्ती म्हणतात. एका बेसवर एकाच माणसाला जागा. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसकडे धावला, की तिथे आधी उभा असलेल्याला उठावंच लागतं, दुसऱ्या बेसकडे पळावंच लागतं. मागून माणूस येतोय, करणार काय? त्याला बाद करायला अंगाला चेंडू लावायचीही गरज नाही. समोरच्या संघाच्या गड्याने चेंडू हातात घेऊन पुढच्या बेसवर पाय ठेवला की झालं.

एकदा दोन सख्खे भाऊ एकाच बेसवर येऊन उभे राहिले. थोरला तिथे आधीपासून होता, चेंडू झेलला जाणार असं वाटून हललाच नाही, आणि पहिल्या बेसवरचा धाकटा सक्तीने पळत मागून येऊन आदळला. समोरच्याने दोघांनाही चेंडू लावला. आता बाद कोण? काकांनी थोरल्याकडे बोट दाखवलं. तो म्हणतो, “अहो, मी इथे आधीपासून उभा आहे!” काका म्हणाले, “म्हणूनच!” त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. हल्ली मला त्याचं हसू येत नाही.

हो साहेब, चिठ्ठी मिळाली. दोन मिनिटं. दुसरं पान घेतोच.

फक्त सक्तीचा दुसरा भाग राहिला. मागून येणारा फलंदाजच जर आधी बाद झाला, तर? मग पुढच्याला जागा सोडायचं कारणच उरत नाही. सक्ती उठते. तो पुढे जाऊ शकतो, हवं तर मागे फिरू शकतो, आणि त्याला बाद करायचं तर चेंडू त्याच्या अंगालाच लावावा लागतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतं. म्हणून काकांनी आम्हा पंचांना शिस्त लावली, की ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, ‘सक्ती उठली!’

यंदाची अंतिम लढत तुम्ही सगळ्यांनी पाहिली. बरोबरी होती. पाहुण्या संघाचे गडी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर, एक जण बाद; तिसरा बाद झाला की डाव संपतो. चेंडू सरपटत आपल्या पहिल्या बेसवरच्या गड्याकडे गेला. त्याने तिथेच बेसवर पाय ठेवला, फलंदाज बाद. मग चेंडू दुसऱ्या बेसवर फेकला. तिथे आपल्या गड्याने पाय ठेवला, पळणारा अजून दोन पावलं लांब, अंगाला चेंडू लावलाच नाही. दुसऱ्या बेसचा पंच मी. माझा हात वर गेला. “बाद!” तुम्ही नाचलात, डाव संपला म्हणून आपले गडी मैदान सोडून निघाले. आणि काका होमवरून चालत आले, माझा निर्णय फिरवला, तिसऱ्या बेसवरून होमला पोचलेल्या गड्याची धाव मोजली. आपण त्या एका धावेने हरलो. त्यांच्यावर बाटल्या आल्या, आठवतं ना? कोणी फेकल्या ते मी विचारत नाही.

नियम काकांच्या बाजूने होता. तो काही खोडता येईना. मग चौकशी लागली, ती वेगळ्याच प्रश्नावर. मुख्य पंचांनी ‘सक्ती उठली’ अशी सूचना दिली होती का? मंडळाच्या कार्यालयात तीन खुर्च्यांवर तीन जण, समोर मी, बाजूला काका. त्याच्या आदल्याच दिवशी मला सांगून झालं होतं, की पुढच्या वर्षी मुख्य पंच तुम्हीच. मी म्हणालो, “सूचना ऐकू आली नाही.”

हसलात ना? घसाकाकांची सूचना, आणि ऐकू आली नाही! त्या खोलीत कुणी हसलं नाही. लगेच लिहून घेतलं.

बाहेर जिन्यात काकांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता झापणार, झापलं तर बरंच. तर त्यांनी हळूच विचारलं, “खरंच ऐकू नाही आलं का रे?” मी म्हणालो, “नाही, काका.” ते कठडा धरून म्हणाले, “मग माझाच आवाज गेला असेल.”

माझ्यावर विश्वास ठेवला हो त्यांनी!

आता हे दुसरं पान. ‘वयोमानानुसार येणारी शिथिलता ओळखून ते स्वतःहून निवृत्त होत आहेत.’ स्वतःहून. आठ दिवस हा शब्द माझ्या घशात अडकलाय, कारण तो खोटा नाही. अर्ज त्यांनीच दिला. आज दारात काकू मला म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे, पण हे घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाहीत. तुम्ही तरी समजवा.” मला सांगतायत, समजवा! मी तिथून सटकायला बघत होतो, तर सचिवसाहेबांनी दंड धरून व्यासपीठावर बसवलं.

नाही साहेब, माइक मी देणार नाही. बंद केलात तरी बोलीन.

काका, मी ऐकलं होतं. चेंडू फेकला जायच्या आधी तुम्ही ओरडलात, तेही ऐकलं, आणि चेंडू हवेत असताना ओरडलात, तेही ऐकलं. हात सवयीने वर गेला, ती चूक होती. खोलीत बोललो ती चूक नव्हती, ते मी ठरवून बोललो. पद हवं होतं मला. लाज वाटते. मुख्य पंचाचं पद मी घेत नाही, पंचगिरीही आजपासून सोडली. तुमच्या मागून येणारा बाद झालाय, काका. तुमच्यावरची सक्ती उठली. निवृत्त व्हायचं की अर्ज मागे घ्यायचा, ते आता खरोखर स्वतःहून ठरवा.

अध्यक्षसाहेबांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, मागच्या मंडळींनी चहा गार होऊ दिला, सगळ्यांचे आभार. बोलताना एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर तो पदरात घ्या. त्या खोलीतल्या शब्दांची माफी मात्र सभागृहाकडे मागत नाही, ती काकांनीच द्यायची आहे, आणि तीही लगेच नको. आधी माझ्यावर ओरडा, काका. इथेच, सगळ्यांसमोर, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडा.