शंभर फारम, एक डोंगा

...आन वरतून गाववाले मलेच म्हनतेत, "इस्तारी, तुह्याच पायी झालं सारं." माह्या पायी? अरे, एम.कॉम. कोन करून राह्यलं, मी का माही बायको? मी दहावीले गणितात गेलो तो गेलोच, तवापासून मी आन माहं जाळं. कुंता म्हनली, "हे शंभर फारम गावातून भरून आना." आनले. एक कमी नाई, एक फाटका नाई, एकावर बी मासोळीचा वास नाई... बरं, दोन-तीनावर असन. पन तुमीच सांगा, यात माहं काय चुकलं?

थांबा, पैल्यापासून सांगतो, नाई तं तुमी बी तिच्याच बाजूनं जासान.

कुंता म्हंजे आमची घरवाली. बी.कॉम. होऊन आमच्या घरी आली, आन आमच्या घरी म्हंजे कुठी, तं तलावाच्या काठाले, पारीवर. अर्धा एकर धान, एक वल्ह्याचा डोंगा, दोन जाळी, झाली इस्टेट. एकदा ती बचत गटाचे कागद घेऊन बँकेत गेली. खिडकीतल्या मानसानं तिचं लुगडं पाह्यलं, हातातली टोपली पाह्यली, आन तिनं तोंड उघडाच्या आंधीच शाईचा डबा पुढं सरकवला. "बाई, अंगठा." तिनं तिथीच इंग्रजीत सही ठोकली, ते काई सोडते का? पन घरी आली आन चुलीपुढं बसून रडली. मी तिले तवा पैल्यांदा रडतानी पाह्यलं जी, मले लय लागलं. दुसऱ्या दिवशी डोये पुसून म्हनते, "एम.कॉम. करीन. बँकिंग आन फायनान्स. त्या खिडकीच्या आतमंदी बसून दाखवीन."

मी म्हनलो, कर बाप्पा. मले काय मालूम हे पाच वर्सं चालन म्हनून? एका साली पोरगी झाली, एका साली पेपराच्या दिवशी नदीनं रस्ता अडवला, एका साली माहा पाय मोडला. पन ती सोडते का? धान रोवतानी बांधीत पाठांतर, भात टाकतानी पाठांतर. मी म्हनलो, आज भाजीत मीठ काऊन नाई, तं म्हनते, "जोखीम कमी केली." मले म्हनते, "एकाच तलावात जाळं नाई टाकाचं, याले डायव्हर्सिफिकेशन म्हनतेत." म्या म्हनलं, बाई, आपल्या वाट्याले एकच तलाव हाय, दुसरा आनू कुठून?

तं हे पाचवं वर्स, शेवटचं. सारे पेपर निघाले, राह्यला प्रोजेक्ट. तो नाई दिला तं पाच वर्सं पान्यात, पुन्हा पैल्यापासून. नाव काय, तं 'मच्छीमार कुटुंबांच्या बचतीच्या सवयी'. शंभर लोकाईले पंचवीस प्रश्न. तिले कॉलेजात जाचं होतं, धानकापनी सुरू होती, म्हनून फारम माह्या हातात देल्ले. "एकेकाले अलग अलग इचारा," असं म्हनली म्हनते. म्हनली असन. पन मी तवा डोंग्यातलं पानी उपसत होतो.

आता मी काय शंभर घरं फिरत बसू? मी फारम घेऊन सीधा भैयाजीभाऊकडं गेलो. भैयाजीभाऊ म्हंजे आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. आमच्या गावात तलावात जाळं कवा टाकाचं, मासोळीचे वाटे कसे पाडाचे, हे कोनी एकटा नाई ठरवत. बसाचं, बोलाचं, एकमत कराचं, मंग उठाचं. बापजाद्यापासून असंच चालू हाय, म्हनून आजवर तलावावर डोकी नाई फुटली.

भैयाजीभाऊनं फारम पाह्यला, चष्मा कपाळावर घेतला, आन म्हनले, "इस्तारी, हे लय नाजूक काम हाय. एकानं लिवलं बँकेत ठेवतो, दुसऱ्यानं लिवलं घरी ठेवतो, तं बाहेरच्या मानसाले वाटन का गावात फूट हाय. बैठक बोलाव."

बोलावली! पंचवीस प्रश्न, तीन घंटे, दोन डाव चाय. वय किती लिवाचं? म्हाताऱ्याचं धरलं, पोट्ट्याचं धरलं, मधातून बेचाळीस काढलं. घरात मानसं किती? पाच, सरकारी कागदावर बरं दिसते. पैसे कुठी ठेवता? बँकेत, म्हंजे सायबाले राग नाई येनार. जोखीम घ्याची तयारी किती, एक ते पाच? भैयाजीभाऊ उभे झाले. "पाच लिवा. आपलं गाव कोनाले भेत नाई." टाया वाजल्या. स्त्री का पुरुष? इथी थोडा वाद झाला. मंग ठरलं का बायाईच्या नावानं योजना लौकर येते, तं सब स्त्री लिवा. मी बी लिवलं. भैयाजीभाऊनं तं एवढ्या मिशा ठेवून लिवलं. शंभर फारम, शंभर सह्या, एकमतानं! आता सांगा, यात माहं काय चुकलं?

कुंतानं घाईत गठ्ठा नेला आन लोकेश सराईच्या टेबलावर ठेवला. लोकेश सर तिचे गाईड, तिच्यापेक्षा आठ वर्सांनी लहान. त्याईनं चार फारम पाह्यले, मंग मधातले चार, मंग खालचे. "मॅडम, या शंभर बायका हायेत, साऱ्या बेचाळीस वर्सांच्या, आन साऱ्याईच्या घरी पाच मानसं?" मंग सरच म्हनले, "हे तुमी घरी बसून भरले. शुक्रवारपर्यंत खरं सर्वेक्षन आना, नाई तं नाव कटन."

तो शनिवार होता. घरी आली, मले वाटलं, आता भांडी उडतीन. एक बी नाई उडलं. भेव वाटलं जी मले. पारीवर जाऊन पान्याकडं पाह्यत बसली. मी म्हनलो, कुंता, जाऊ दे ना, बी.कॉम. का कमी हाय? तं वळून म्हनते, "तुमाले त्या दिवशीचा शाईचा डबा आठवते का?" मी म्हनलो, आठवते. मंग म्हनते, "गावात कोनी एकटा सापडत नाई. दाराशी इचारलं तं शेजारी बोलते, बांधीत इचारलं तं सारी बांधी बोलते. उठा. डोंगा काढा."

काढला. तुमाले सांगतो, सहा दिवस, शंभर मानसं, एकेकाले डोंग्यात बसवाचं, तलावाच्या मधात न्याचं, तिथी पंचवीस प्रश्न, वापस आनाचं, दुसरा बसवाचा. धान उभं, हाताले फोड, आन ही आपली पेन घेऊन समोर बसली. "हं, वय सांगा." एक म्हातारी डोंग्यात बसाले तयार नाई, तं कुंतानं तिले पारीवर मधोमध बसवलं आन चारही बाजूचे लोकं हाकलले. एकाले चक्कर आली, तं फारम भरल्यावरच वापस आनला.

आन मधात गेल्यावर मानूस खरं बोलते बरं! कोनी म्हनते कोठीत ठेवतो, कोनी म्हनते सासूजवळ, सासू म्हनते माह्याजवळ कायचं? भैयाजीभाऊ बसले. जोखमीचा प्रश्न आला. त्याईनं पारीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन हळूच म्हनले, "एक लिव कुंता. मले लय भेव वाटते. पोराईचं भेव, पान्याचं भेव, साऱ्याचं. कोनाले सांगू नोको." कुंतानं नाई सांगितलं. मी वल्हं मारत होतो, कान कुठी ठेवू? तुमी बी सांगू नका.

शंभरावा मी. डोंग्यात दोघंच. "पैसे कुठी ठेवता?" मी म्हनलो, तुह्याजवळ. "तो पर्याय नाई." मंग लिव 'इतर'. तिनं लिवलं. हासली थोडी. सहा दिवसात पैल्यांदा.

प्रोजेक्ट शुक्रवारी गेला. तोंडी परीक्षेले नागपूरचे सर आले. इचारलं, "एकाचं ऐकून दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही, हे कशावरून?" कुंता म्हनली, "सर, दोघाईच्या मधात अर्धा तलाव होता." सराईनं पेन खाली ठेवला म्हनते. पास! पैला वर्ग! मी पारीवर नाचलो, कोनाले काय म्हनाचं ते म्हना.

मंग काय, सत्काराची बैठक. शाल, नारळ, भाषन. भैयाजीभाऊ उभे झाले. "कुंतानं गावाचं नाव काढलं. आता तिनं थांबू नये. पीएच.डी. करावी, असा ठराव मांडतो. ज्याले मंजूर असन त्यानं हात वर करा." मी कुंताकडं पाह्यलं, तिचे डोये चमकत होते. मी माह्या फोड आलेल्या हाताकडं पाह्यलं. म्हनलो, भाऊ, थांबा, माह्या धानाचं, माह्या डोंग्याचं कोनी इचारते का... आन बोलाची परवानगी मांगाले मी हात वर केला.

त्याईनं तो बी मोजला. एकमतानं पास. आता सांगा, यात माहं काय चुकलं?