गाठाळ बोर

आमच्या अधारतालच्या घराच्या अंगणात, फाटकाशी जुनी बोर आहे. तिथे गाडी ठेवायची म्हणून मुलाने झाड तोडणारा बोलावला. मी म्हटलं, "खोड गाठाळ आहे. कुऱ्हाड उसळेल."

सून हिंदी घरातली, मराठी शिकून राहिली आहे. तिने विचारलं, "बाबा, गाठाळ म्हणजे कसं?"

कारखान्यात जन्मभर हातोडा धरलेली बोटं मी तिच्यापुढे केली. "असं."

तिने बोटं पाहिली, मग खोड पाहिलं. तोडणाऱ्याला म्हणाली, "भैया, आप जाइए."

मुलगा चिडला. "काहून? गाडी कुठे ठेवू?"

"रस्त्यावर. आज झाड गाडीच्या मधात येऊन राहिलं, उद्या बाबा मधात येतील."

गाडी रस्त्यावरच असते. टपावर पडलेली बोरं मुलगा झाडतो, तेव्हा सून आतून विचारते, "गोड आहेत काय?"