पंखांची हवा

दोष यासीन मामूचा. आधीच सांगून टाकतो, म्हंजे नंतर कुणी माझ्याकडं बघायला नको. यासीन मामू, आमच्या अम्मीचा थोरला भाऊ, लग्न न केलेला, केजात आमच्याच घरी गच्चीवरच्या खोलीत राहणारा, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला, आणि आता घड्याळ कुणी दुरुस्तच करत न्हाई म्हणून दिवसभर कबुतरं उडवणारा... दोष त्याचा.

तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलं आणि पोलीस भरतीच्या मागं लागलो. कावून सोडलं ते मला विचारू नका, अब्बांना विचारा, ते कुणी न विचारता पण सांगतात. तर भरती म्हंजे सोळाशे मीटर पळणं आलं, आणि मी लई पळायचो हो, हिवाळ्यात पोरं माझ्या मागं असायची. उन्हाळा लागला आणि दम लागायला लागला. आधी शेवटच्या फेरीला, मग पहिल्या, मग नुसता जिना चढलो तरी भात्यासारखी छाती... आणि थकवा असा, की दुपारी चप्पल घालायची म्हणलं तरी आधी जरा बसावं वाटायचं.

आता आमच्याकडं आजार कुणाला झाला हे महत्त्वाचं नसतं, बोलायचा नंबर कुणाचा हे महत्त्वाचं असतं. पहिला नंबर अब्बांचा. अब्बांचा टरबुजाचा गाडा हाय, त्यामुळं आत काय हाय ते वरून वाजवून कळतं असं त्यांना वाटतं. "मोबाइल," म्हणले. "रात्रभर मोबाइल बघणाऱ्याला दम लागणार न्हाई तर काय पंख फुटणार?" मी म्हणलं, "अब्बा, मोबाइल डोळ्यानं बघतात, फुप्फुसानं न्हाई." त्यावर अम्मीचं चालू, मोठ्यांशी असं बोलतात का. घरात आम्ही आमच्या बोलीत भांडतो, तुम्हाला मराठीत सांगतोय, शिव्या गाळून.

मग सुंदरराव. गावचे पुढारी, अब्बांचे जुने गिऱ्हाईक. "अजीजभाई, आजच्या पोरांत दमच न्हाई. आमी ह्या वयात डोंगर पालथे घातले." हे सांगताना ते स्वतः गाडीतून खाली उतरले न्हाईत, टरबूज खिडकीतून आत घेतलं. मग गल्लीतला डॉक्टर, नाडी धरायच्या आधीच "ॲसिडिटी," सलाईन लावलं. बारीक टोचण्यानं मोठा आजार जात असता तर आमच्या घरात टोचून बोलण्यानंच मी ठणठणीत झालो असतो.

एकटा मामू मला टोचून बोलला न्हाई. आणि म्हणूनच दोष त्याचा.

मामू म्हणला, "बेटा, कबुतराच्या पंखाची हवा घे. त्यानं लकवा झालेला माणूस उठून बसतो, तुझा दम काय चीज हाय." आणि गुडघे दुखत असताना माझी बाज स्वतः ओढत गच्चीवर नेली, उशी बरोब्बर खुराड्याच्या जाळीला लावली. सकाळी पळून आलो की आधी खुराडं झाडायचं, ते आधीपासून माझंच काम, मामूला वाकता येत न्हाई. मग त्यानं त्याचं लाडकं पांढरं कबुतर, पंख्यासारख्या शेपटीचा लक्का, हातात घ्यायचा, माझ्या नाकासमोर धरायचा आणि फडफडवायचा. मी डोळे मिटून, तोंड उघडून, ती हवा खायचो. "आत ओढ, आत ओढ..." मी आत ओढायचो. पळता येत न्हाई म्हणून रडकुंडीला आलेला माणूस काय काय आत ओढतो, तुमी विचारू नका.

मधीच समिना आपाकडं परळीला गेलतो. तिथं वीज केंद्राच्या राखेची वाहनं जातात, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरतात, आणि मी तिथं हळूहळू बरा! दम कमी, भूक लागली, संध्याकाळी जिना पळत चढलो. आपा चकित. केजला आलो, गच्चीवर निजलो, परत भाता चालू. अब्बांना पुरावाच मिळाला. "बहिणीकडं बरा, घरी आजारी. कामाचा कंटाळा, दुसरं काय." मला पण पटायला लागलतं, खरं सांगतो.

शेवटी मामूच मला एसटीनं बीडला घेऊन गेला, छातीच्या डॉक्टरीणबाईकडं. बाईनी छातीचा फोटो काढला, कुठं बरं वाटतं, कुठं न्हाई, सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "घरात पक्षी आहेत का?"

आणि मामूचं तोंड खुललं. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याच्या कामाचं विचारलं. "हैत ना मॅडम. माझीच हैत. लक्के हैत, गिरेबाज हैत. आणि मी ह्याला रोज पंखाची हवा देतो, खास."

बाईनी पेन खाली ठेवलं. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ, म्हणल्या, ती ह्याच्या फुप्फुसाला सोसत नाही, सूज आलीय. गोळ्या देते. पण कबुतरं नकोत. मामूनं विचारलं, "हवा थोडी कमी दिली तर?"

बाहेर मी बोललो. सगळ्या पेशंटांपुढं बोललो. "तुमी मारलं असतं मला. एवढं वय झालं, अक्कल शून्य." दोष त्याचाच होता का न्हाई? मामू मान हलवून म्हणला, "हाव." नुसतं हाव. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची सीट मोकळी होती. मामू मागं जाऊन उभा राहिला, गुडघे तसले, केजपर्यंत. मी म्हणलं, "बसा की." तर म्हणला, "नको बेटा, माझ्या सदऱ्याला धूळ असंल."

कबुतरं अंबाजोगाईला एकाला दिली. दुसऱ्या दिवशी सगळी गच्चीवर हजर. मामू फडकं घेऊन हाकलायला लागला. आता जल्मभर ज्यांना फडकं हलवून खेळवलं, त्यांना फडक्यानं हाकलणार कसं? त्यांना वाटलं, खेळ चालू झाला. एवढी उंच गेली त्या दिवशी, गल्ली बघायला जमली, लोक म्हणले, वा यासीनभाई. मी खाली दारात, नाकाला रुमाल लावून बघत होतो. परत देताना मामूनं स्वतः एकेकाचे पंख दोऱ्यानं बांधले.

त्या महिन्यात भरतीचं मैदान झालं, मी गोळ्या खात घरी. आता पळतो, दम लागत न्हाई. मामू खालच्या पडवीत निजतो. सकाळी मी आलो की लांबूनच विचारतो, "दम?" मी म्हणतो, "न्हाई." तो म्हणतो, "बरं झालं," आणि कूस बदलतो.

मी त्याला अजून म्हणलो न्हाई, की चुकलं माझं. घरातले मोठे तरी कुठं कधी म्हणतात. दोष मामूचा...

भरती परत निघंल. मामू परत गच्चीवर चढायचा न्हाई.