डोळा गळायला लागला तवा कातर सुटली

काय सांगू तुमाला, आमी म्हसवडच्या पलीकडची मेंढरंवाली माणसं. बा माजा मेंढरं कातरायचा, त्येचा बा कातरायचा, आन् मला मिसरूड फुटायच्या आदी कातर हातात आली. मेंढी पायात दाबायची आन् कातडीला लागून कातर फिरवायची, लोकर सगळी उतरली पायजे आन् रगताचा ठिपका दिसता कामा न्हाई. माज्या हातची मेंढी कवाच चिरली न्हाई, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर इचारा की.

मग डावा डोळा गळाया लागला. धूर न्हाई, वारं न्हाई, नुसतं पाणी. मी म्हनलं लोकरीचं कुसळ गेलं आसंल, कातरणाऱ्याच्या जातंच. आमच्यात त्यावर मेंढीचं दूध सोडत्यात, तर मी सा म्हयनं रोज सकाळी दुधाची धार डोळ्यात घेतली. कुसळ नव्हतंच तर निघंल कसं, उलट डोळा सुजला आन् पू याया लागला. आन् एक दिस पाणी आडवं आलं, कातर मेंढीच्या कासेपाशी शिरली. धाकटा भाऊ बापू, त्यो वरडला न्हाई, गपचिप कातर काडून घेतली आन् म्हनला, दादा, तू आता लोकर गोळा कर. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघा.

लेक इस्लामपुरात दिलीया, ती आली आन् मला धरून मिरजंला न्हेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकाच्या कडंला दाबलं तर डोळ्याच्या कोपऱ्यातनं पू वर. म्हनल्या, बाबा, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट बंद झालीया, नवी करावी लागंल. आन् परत दूध घातलंत तर माज्याकडं येऊ नका. नाकातनंच आपरेशन केलं, हाड जरा कोरून वाट काडली, बारकी नळी ठिवली, ती मागनं काडली. गळणं थांबलं. लय गुणाची बाई, देव तिला सुखात ठिवो.

औंदा बापूनं सोताहून कातर म्होरं केली. दिसभर कातरली मी. सांजंला त्यानं एकेका मेंढीच्या अंगावरनं हात फिरवून बघितला, कुटं वरखडा न्हाई. म्हनला, दादा, ही कातर तुजीच. आन् माजं डोळं भरलं. बापू घाबरला, परत गळाया लागलं व्हय? मी म्हनलं, न्हाई रं गड्या, नीट बघ, दोन्ही डोळं वलं हायती.